हसताना ओतलेली सीट

सोमवारी सकाळी गाडी कापली. एका कंपनीचा माणूस डावीकडे उभा राहिला, दुसऱ्या कंपनीचा उजवीकडे. करवतवाल्याने विचारलं, रेघ कुठे मारायची. मी मारली. जेवणाच्या सुट्टीआधी काम झालं. दोघांनी सह्या केल्या.

ती गाडी कोणती, हे सांगितलं की लोक थोडे हसतात. हैदराबादेत आम्ही शर्यतीची गाडी बनवली होती. रस्त्यावरच्या गाडीला पट्टे मारून केलेली नव्हे. पहिल्या चित्रापासून शर्यतीसाठीच आखलेली, बंद टपाची, जमिनीपासून चार बोटं वर असलेली. शर्यत लांब पल्ल्याची. या शर्यतीत एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र गाडी पळत असते. ड्रायव्हर बदलतात, टायर बदलतात, गाडी तीच राहते. वेग लागतोच, पण वेगाच्या आधी टिकावं लागतं.

आमच्याकडे अशी एकच गाडी होती. नमुना म्हणून बनवलेली. तिने लांब पल्ल्याची चाचणी न थांबता पुरी केली तर ती परदेशातल्या शर्यतीत उतरेल, असं आम्हाला वरून सांगितलं होतं. सिकंदराबादच्या पलीकडे, कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये आम्ही काही वर्षं काढली ती या एका वाक्यावर.

माझं काम ताण मोजण्याचं. त्यासाठी एक पट्टी असते, पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान. तिच्यात केसापेक्षा बारीक तारेची नागमोडी वळणं असतात. ती गाडीच्या अंगावर चिकटवायची. अंग ताणलं गेलं की तार ताणली जाते, विजेला वाट थोडी अवघड होते आणि तेवढा फरक पडद्यावर रेघ होऊन उमटतो. पट्टी चिकटवतात तेव्हा अंग मोकळं असतं, तेव्हाचं माप म्हणजे शून्य. पुढे इंजिन बोल्ट केलं, चाकं लावली, ड्रायव्हर बसला की रेघ शून्यापासून सरकते आणि मग कधी परत येत नाही. ड्रायव्हर उतरला तरी नाही. उभी गाडीसुद्धा काहीतरी सोसत असते. हे मला नोकरीत नव्यानेच कळलं तेव्हा मी ते बरेच दिवस कोणाला न सांगता मनात घेऊन फिरत होते.

आमच्या विभागाचे प्रमुख मूर्ती सर, मूळचे बेजवाड्याचे, म्हणजे तेलंगणाच्या पलीकडचे. ते मला 'अम्मा' म्हणत. तेलुगूत लेकीलाही असंच म्हणतात. त्यांचा एक नियम होता. गाडीला पाना लावण्याआधी लॉगर चालू करायचा. लॉगर म्हणजे सगळ्या पट्ट्यांची मापं नोंदवत राहणारी पेटी. साधा स्क्रू घट्ट करायचा असला तरी आधी लॉगर. एकदा एकाने आरसा पुसायला फडकं घेतलं तेव्हा मूर्ती सर दारातूनच म्हणाले, "लॉगर?" आरसा पुसणं कोणत्या पट्टीला कळणार होतं कोण जाणे. पण त्या माणसाने फडकं खाली ठेवलं आणि बटण दाबलं. आम्ही हसायचो, पण नियम कोणी मोडला नाही. या गाडीला आमच्यापासून लपवून काही होता कामा नये, असा त्याचा अर्थ होता, असं मला वाटतं.

गाडी चालवायचे यूसुफभाई. ते माझ्यासारखेच अंबरपेठेत राहत. वयाने माझ्याहून मोठे, पण शेडमधल्या सगळ्यांसारखे तेही मला 'अक्का' म्हणायचे. तरुणपणी लहानसहान शर्यती जिंकलेले, मग वर्षानुवर्षं कारखान्याच्या साध्या गाड्या खडबडीत रस्त्यांवर आपटत चाचणी करणारे. ही गाडी त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांच्या दाढीत पांढरे केस आले होते. परदेशातल्या शर्यतीत पहिली पाळी त्यांची असणार होती. शर्यतीत उतरण्याची ही शेवटची संधी आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

अशा गाडीत सीट तयार मिळत नाही, ती ओतावी लागते. गाडीच्या पोटात मोठी प्लास्टिकची पिशवी अंथरतात. ड्रायव्हरने सगळा पोशाख घालून तिच्यावर बसायचं, हात चाकावर, पाय पेडलवर. मग दोन रसायनं मिसळून पिशवीत ओतायची. फेस फुगतो, गरम होतो, पाठीच्या, कमरेच्या, खांद्यांच्या फटींत शिरतो आणि कडक होतो. तोवर ड्रायव्हरने हलायचं नाही. अशी सीट एकाच माणसाची होते. दुसऱ्याची पाळी आली की तो आपली सीट घेऊन चढतो, पहिला आपली घेऊन उतरतो.

यूसुफभाई पिशवीत बसले, फेस चढू लागला, पाठीमागून वाफेसारखं काही निघू लागलं. मूर्ती सर घड्याळाकडे बघत उभे, चेहरा परीक्षा घेणाऱ्या मास्तरसारखा. तशाच चेहऱ्याने ते म्हणाले, "यूसुफ, इडली हो गया तो बोलना."

यूसुफभाईंनी ओठ दाबले. "सर, हसाओ नक्को."

"चटणी मंगाना क्या?"

"हलीम बोलो सर, इडली बोले तो बेइज्जती होती," असं म्हणता म्हणता यूसुफभाई हसले. त्यांचं हसणं वेगळं होतं, आवाज जवळजवळ नाहीच, फक्त डावा खांदा वर जायचा. खांदा वर गेला आणि नेमका तेव्हाच फेस कडक झाला. सीट बाहेर काढली तर डावी बाजू उजवीपेक्षा उंच.

मूर्ती सर वरमले. पुन्हा ओतू म्हणाले. यूसुफभाई त्या सीटमध्ये पुन्हा बसले, मागेपुढे सरकून पाहिलं आणि म्हणाले, "रहने दो सर. इत्ता लंबा चलाना है. रोते रोते चलानेवाले की सीट कायकू बनाते?"

ती सीट तशीच राहिली. पुढे चाचण्यांत त्यांचा डावा खांदा दुखायचा, पण ते कबूल करायचे नाहीत.

ती वर्षं वाटणीची होती. राज्याचे दोन भाग होत होते. कोणती कचेरी कोणाची, कोणती खुर्ची कोणाची, कोणता कारकून कुठे, हेच रोजच्या पेपरात. कंपनीच्या बसमध्ये तेलंगणातले एका बाजूला आणि पलीकडचे दुसऱ्या बाजूला बसू लागले होते. त्याच सुमारास आमच्या कंपनीचीही फेररचना निघाली. इंजिनांचा व्यवसाय एका गिऱ्हाइकाला, गाड्यांचा दुसऱ्याला. आमची शेड कोणत्या बाजूला जाणार, हे कोणी सांगेना. सुट्या भागांची खरेदी बंद झाली. मूर्ती सर एवढंच म्हणत, "चाचणी पुरी होऊ दे. पळणारी गाडी कोण टाकून देतो?" माझाही त्यावर विश्वास होता. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असं वाटतं, की काम नीट केलं की गोष्ट नीट संपते.

चाचणीची तारीख दसऱ्यानंतर लगेचची होती. दसऱ्याला शेडमध्ये आयुधपूजा होते. पाने, लेथ, करवती, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. त्या दिवशी मी तिथे नसते. आमच्याकडे त्या दिवशी पांढरी साडी नेसून विहारात जायचं असतं. शेडमधली मुलं माझ्यासाठी प्रसाद बाजूला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मी तो खायचे. त्यात कधी कोणाला अडचण झाली नाही.

पूजेत गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांच्यावरून पुढे नेतात. शेडमधल्यांना आपल्या गाडीचंही तसंच हवं होतं. पण आमची गाडी ठोकळ्यांवर चढवलेली, चाकं हवेत. ती खाली उतरवायला मूर्ती सर तयार नव्हते, चाचणीसाठी सगळी मापं जुळवून ठेवलेली होती. मग कोणीतरी तोड काढली. प्रत्येक चाकाच्या ब्रेकला वारा नेणारी एक नळी असते, तिचं तोंड गाडीच्या अंगावर उघडतं. लिंबं चाकांखाली नाहीत तर नळ्यांच्या तोंडात ठेवू. ठेवायची कोणी? गाडी ज्याची त्याने. यूसुफभाईंनी 'बिस्मिल्ला' म्हणून चारी ठेवली आणि नारळ मात्र दुसऱ्याला फोडू दिला.

चाचणीच्या सकाळी त्यांनीच लिंबं काढली. तीन मिळाली. डाव्या पुढच्या नळीच्या तोंडात काही नव्हतं. कोणीतरी आधीच काढलं असेल असं त्यांना वाटलं. ते लिंबू आत घसरून गेलं होतं.

शहराबाहेरच्या, वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर आम्ही गाडी पळवत होतो. वरच्या कचेरीतून फेररचनेचं काम बघणारे एक गृहस्थ आले होते, पुण्याचे, वैद्य नावाचे. माझं आडनाव वाचून ते आनंदाने मराठीत बोलू लागले.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"इथलीच."

"नाही, म्हणजे मूळच्या."

"वडील नांदेडकडून आले, रेल्वेत. मी सिकंदराबादला जन्मले. इथलीच."

"तरीच. मघाशी तुम्ही 'हौ' म्हणालात."

"हौ," मी म्हणाले. ते हसले. माणूस वाईट नव्हता.

सकाळभर गाडी सुरेख पळाली. माझ्या रेघा एकीवर एक बसत होत्या, जणू एकच फेरी पुन्हा पुन्हा छापली जात होती. मूर्ती सर माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि एकही शब्द बोलत नव्हते. ते खूष असले की असेच असत. दुपारी डाव्या पुढच्या ब्रेकचं तापमान इतर तिघांपेक्षा वर सरकलेलं दिसलं. मग आणखी वर. मी रेडिओवर म्हणाले, "यूसुफभाई, अंदर आओ."

"कायकू? गाडी मक्खन है अक्का."

"लेफ्ट फ्रंट गरम होरा."

"तुम्हारा कागज झूट बोलरा."

पण पुढच्या फेरीला ते आत आले. चाक उतरवलं. ब्रेकची तबकडी तडकली होती. नळी सोडवली तेव्हा आधी वास आला. वैद्य माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांनी दोनदा हुंगलं आणि मला मराठीत विचारलं, "लिंबू?"

नळी जिथे निमुळती होते तिथे ते अडकलं होतं. काळं पडून आक्रसलेलं. मूर्ती सरांनी ते तळहातावर घेतलं. यूसुफभाई हेल्मेट काढत होते, काढता काढता थांबले. त्यांच्यावर कोणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी तबकडी नव्हती. मागवलेली होती, पण खरेदी बंद झाल्यावर ती मागणी रद्द झाली होती. दुसऱ्या तारखेची विनंती मूर्ती सरांनी तिथल्या तिथे केली, ती हवेत राहिली. सामान आवरताना वैद्य चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आपलं माणूस म्हणून सांगतो. लिंबू नसतं तरी काही फरक पडला नसता. वाटणीच्या सह्या मागच्याच महिन्यात झाल्यात. इंजिन एकीकडे जाणार, बाकीची गाडी दुसरीकडे. शर्यतबिर्यत काही नाही."

"मग आज का पळवली?"

"कार्यक्रम ठरलेला होता," ते म्हणाले. "रद्द कोणी करायचा, हा प्रश्न होता."

तिथे मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो. म्हणून ते मला सांगू शकले. माझी भाषा त्या धावपट्टीवर मला एवढ्यापुरतीच उपयोगी पडली.

मूर्ती सरांना मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "लॉगर बंद केलास का, अम्मा?" काही आठवड्यांनी त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेजवाड्याला निघून गेले. राज्याच्या वाटणीत आपण कोणत्या बाजूचे, हे निदान त्यांना माहीत होतं.

यूसुफभाईंना मी नारायणगुड्याच्या थांब्यावर सांगितलं. आम्ही दोघं त्या भागात कामाने आलो की तिथूनच कंपनीची बस पकडायचो. त्या दिवसापासून ते कोणाशी धड बोलत नव्हते, मला वाटलं त्यांचं ओझं उतरेल. मी वैद्यांचं बोलणं शब्दाशब्दाने सांगितलं. तुमच्या लिंबाने काही झालं नाही, गाडी आधीच गेलेली होती.

बस आली, आम्ही चढलो नाही.

"तुम पढेलिखे हैं अक्का," ते म्हणाले. "खरंच बोलते होंगे." माझ्याशी बोलताना ते कधीकधी असा एखादा मराठी शब्द घालायचे. "पर ये बात मेरेकू नक्को बोलो. कागज से गई बोले तो हम लोगां कौन थे? इत्ते साल क्या करे? नींबू से गई बोले तो हमारे हाथ से गई. हमारीच थी."

पुढची बस आली तेव्हा आम्ही चढलो.

मग तो सोमवार आला. इंजिन काढून नेणं सोपं होतं, बोल्ट सोडले की झालं. पण ज्या भिंतीवर इंजिन बसतं ती ड्रायव्हरच्या पाठीमागची भिंत आणि तिच्यातली जोडणी दोन्ही विभागांनी मिळून बनवलेली होती. ती अख्खी कोणालाच मिळू नये यावर दोन्ही कंपन्यांचं एकमत झालं. एवढ्या एका गोष्टीवर झालं. भिंतीत कुठे वायरी आहेत हे मला माहीत होतं म्हणून रेघ मारायला मला बोलावलं.

इंजिनासह गाडी उभी होती. आधी कापायची, मग सोडवायची, असं त्यांचं ठरलं होतं. मी लॉगर जोडू लागले तेव्हा डावीकडचा गृहस्थ म्हणाला, "मॅडम, इसकी क्या जरूरत है?"

"नियम आहे," मी मराठीतच म्हणाले. तो उजवीकडच्याकडे बघू लागला. त्या दुसऱ्याने खांदे उडवले.

मी पेटी उघडत होते तेवढ्यात मूर्ती सरांचा फोन आला. आज कापणार हे त्यांना कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. त्यांनी नमस्कार वगैरे काही म्हटलं नाही. "लॉगर ऑन चेशावा, अम्मा?" चालू केलास ना.

"केला, सर."

"सरे," ते म्हणाले, म्हणजे ठीक, आणि फोन ठेवला.

करवत लागली. पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम वर उसळल्या. चाचणीच्या कोणत्याही वळणावर, कोणत्याही खड्ड्यात त्या इतक्या वर गेल्या नव्हत्या. मग करवत जसजशी पुढे सरकली तसतशा त्या खाली येत गेल्या. आणि भिंत दुभंगली तेव्हा एकेक रेघ शून्यावर येऊन थांबली. पट्ट्या चिकटवल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. गाडीवर आता कसलाही ताण नव्हता. मी बघत बसले. करवतवाला म्हणाला, "हो गया, अम्मा." मी लॉगर बंद केला.

यूसुफभाई त्या दिवशी शेडच्या बाहेर उभे होते, आत आले नाहीत. हेल्मेट आणि सीट ड्रायव्हरची, असा या धंद्यात रिवाज आहे. म्हणून सीट वाटणीत धरली नव्हती. मी ती उचलून बाहेर नेली. त्यांनी ती स्कूटरवर पुढे उभी केली आणि दोन गुडघ्यांत धरून घरी नेली.

पुढे ते एका मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवू लागले. नवशिक्यांच्या बाजूला बसून दिवसभर ब्रेकवर पाय. मीही नोकरी सोडली. अंबरपेठेच्या बाजारात भेट व्हायची. भाजीवालीकडे लिंबं दिसली की ते माझ्याकडे बघायचे आणि डावा खांदा किंचित उचलायचे. ते हसणं होतं की दुसरं काही, हे मी ओळखायला हवं होतं, ताण ओळखणं हेच माझं काम होतं. मला ओळखता आलं नाही. सीट त्यांनी खिडकीशी एका लाकडी चौकटीत बसवली होती आणि संध्याकाळी तिच्यात बसायचे. भाभी म्हणायच्या, "घर में सोफा है, पर साब को गाडी होना." आजारी पडल्यावर पलंगावर पाठ टेकवेना, तेव्हाही ते तिथेच बसत. मागच्या वर्षी ते गेले.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर भाभींनी मला बोलावलं. त्या सीटकडे पाठ करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मेरेकू देखा नहीं जाता अक्का. तुम ले जाओ."

इंजिन कुठे गेलं मला माहीत नाही. गाडीचे भाग काही वर्षं एका गोदामात होते, आता ते गोदाम नाही. मूर्ती सरांचा नंबर लागत नाही. शेडच्या जागी घरं झाली आहेत.

सीट माझ्याकडे आहे, पुस्तकांच्या कपाटाशेजारी. फेस पिवळा पडला आहे. डावी बाजू उंच आहे. मी एकदा बसून पाहिलं. ती मला होत नाही.